एपिसोड 31 : दोन बोटं खोल

ज्यांना कानात हेडफोन घालून चाळीस मिनिटं बसणं जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या एपिसोडची लिखित प्रत. बोलताना चारदा "म्हणजे" आलं होतं तिथं एकदाच ठेवलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय एक फूल आहे. पिओनी. मराठीत याला नाव नाही, कारण आपल्याकडे ते येतच नाही. इन्स्टाग्रामवर लग्नाच्या सजावटीत तुम्ही ते नक्की पाहिलं असेल. गुलाबासारखं, पण वाटीएवढं, कधीकधी ताटलीएवढं, पाकळ्यांवर पाकळ्या. बघितलं की वाटतं, हे फार नाजूक प्रकरण असणार, काचेच्या घरात ठेवून वाढवलेलं.

गंमत तिथंच आहे. हे फूल जिथं उणे पस्तीस तापमान जातं तिथं मजेत वाढतं, आणि पुण्यात आणून लावलं तर मरतं. का, ते सांगतो. पण आधी माझी फजिती.

फावडं, माती आणि अठरा महिने

मी परभणीचा. बीटेक केलं, चार वर्षं पुण्यात कोड लिहिला, आणि मग कॅनडातल्या रिजायना शहरात आलो. रिजायना म्हणजे सस्कॅचेवान प्रांताची राजधानी. आजूबाजूला जिकडं बघाल तिकडं सपाट जमीन. याला प्रेरी म्हणतात. डोंगर नाही, टेकडी नाही. इथली माणसं विनोदाने म्हणतात, कुत्रा पळून गेला तर तीन दिवस दिसत राहतो.

मी भाड्याने राहतो त्या घराशेजारी एक आजी आहेत. वय ऐंशीच्या पुढं. तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात त्यांनी मला कुंपणावरून हाक मारली आणि हातात एक कंद ठेवला. रताळ्यांचा घोस असावा तसा, वर चार-पाच गुलाबी कोंब. म्हणाल्या, "लावून टाक. तिसऱ्या वर्षी फूल येईल."

मी हसून घेतला, पण मनात हिशोब सुरू झाला. तिसऱ्या वर्षी? माझ्या वर्क परमिटचे तेव्हा अठरा महिने उरले होते. त्याच आठवड्यात आमच्या टीममधले चौघं कमी झाले होते. पुढच्या दिवाळीला मी कुठल्या देशात असेन हे मला माहीत नव्हतं, आणि या आजी मला तीन वर्षांची डिलिव्हरी डेट देत होत्या.

तरी फावडं घेतलं. पहिला घाव घातला आणि ओळखीचं काहीतरी दिसलं. ओली माती बुटाला चिकटून किलो-किलोची ढेकळं होत होती. तीच माती उन्हाळ्यात वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे मी जुलैत बघितलं होतं. अरे, ही तर आमच्या शेतातली काळी माती! रंग जरा करडा, पण स्वभाव तोच. नंतर वाचलं तर खरंच तसं निघालं. आपल्याकडची काळी माती लाव्हाच्या खडकापासून झाली. रिजायनाची माती म्हणजे हिमयुग संपताना वितळलेल्या बर्फाचं जे प्रचंड तळं इथं साचलं होतं, त्याच्या तळाचा गाळ. जन्म वेगळे, पण मृदाशास्त्रज्ञ दोघींना एकाच गटात टाकतात : वर्टिसॉल. पाणी पिऊन फुगणारी, वाळली की फाटणारी.

म्हटलं, माती आपली, मग काय अडचण? इथं उणे तीसचा हिवाळा, तर कंदाला जपायला हवं. म्हणून चांगला वीतभर खोल पुरला. वरून माती दाबली. डॉक्युमेंटेशन न वाचता थेट प्रॉडक्शनवर डिप्लॉय. आमच्या धंद्यातली जुनी खोड.

पहिल्या वर्षी पानं आली, फूल नाही. ठीक आहे, आजी म्हणाल्याच होत्या. दुसऱ्या वर्षी भरपूर पानं, फूल नाही, कळीसुद्धा नाही. तेव्हा आजी आल्या, वाकून मातीत बोट खुपसलं आणि विचारलं, "किती खोल लावलंस?" मी वीत दाखवली. त्यांनी दोन बोटं आडवी धरली. बस्स, एवढंच. दोन इंच, त्याहून खोल नाही.

थंडी हवी म्हणजे काय

आता कारण ऐका. उसाच्या बेण्याला जसे डोळे असतात, तसे पिओनीच्या कंदालाही डोळे असतात. इंग्रजीतही त्यांना डोळेच म्हणतात. हे डोळे जमिनीच्या अगदी वरच्या थरात हवेत. खोल गेले तर पानं येतात, फुलं रुसतात. आणि पुढच्या वर्षीच्या फुलाची तयारी आदल्या उन्हाळ्यातच या डोळ्यांत सुरू होते. मग त्यांना झोप लागते. ती झोप मोडायला कित्येक आठवडे चार-पाच अंशांच्या खालची थंडी लागते. थंडी पुरली नाही तर झाड नीट जागंच होत नाही.

आंब्याचं आठवा. डिसेंबरात रात्री गार पडल्या नाहीत की कोकणातले बागायतदार काळजीत पडतात, कारण मोहोर नीट येत नाही. तत्त्व तेच, फक्त पिओनीची भूक फार मोठी. आंब्याला गारवा पुरतो, पिओनीला हिवाळा लागतो. म्हणून परभणी सोडा, महाबळेश्वरलाही तिचं भागत नाही.

म्हणजे मी जिच्यापासून तिला वाचवत होतो, तीच तिची गरज होती.

प्रेरीवर एरवी वाढीचा काळ फार थोडा. कडाक्याची गोठण टळलेले दिवस वर्षाला साधारण 110 ते 120. पण जूनमध्ये दिवस सोळा तासांहून मोठा. बर्फ वितळला की एप्रिल-मेमध्ये लालसर कोंब मातीतून वर येतात, लाल भेंडीच उगवल्यासारखे, आणि जूनच्या शेवटाकडं फूल. फुलण्याआधी कळीवर मुंग्या चढतात. मी घाबरून औषध मारायला निघालो होतो. गरज नसते. कळीच्या बाहेरच्या पानांवर गोड रस पाझरतो, मुंग्या तो खायला येतात. मुंग्या असल्याशिवाय कळी उमलत नाही असंही इथं पुष्कळजण सांगतात, पण तेही खरं नाही. मुंग्यांना गोड मिळतं, कळी तिच्या वेळेला उमलते.

हे फूल इथलं नाही

आता इतिहास. पिओनी प्रेरीची नाही. इथलं रानफूल म्हणजे नारिंगी-लाल प्रेरी लिली. 1941 पासून ते सस्कॅचेवानचं अधिकृत फूल आहे आणि ते तोडायला बंदी आहे.

आणि ही जमीन रिकामीही नव्हती. रिजायनाच्या मधून वाहणारा वास्काना नावाचा ओढा आहे. हे नाव क्री भाषेतल्या शब्दांवरून आलं. अर्थ : जिथं हाडांचे ढीग आहेत ती जागा. हाडं बायसनची, म्हणजे या मैदानातल्या रानगव्यासारख्या जनावरांची. लाखोंचे कळप होते. क्री, सोतो, असिनिबोइन ही माणसं त्यांच्यावर जगत होती. 1874 साली कॅनडाच्या सरकारने त्यांच्याशी करार केला, ट्रीटी फोर. पुढच्या काही वर्षांत कळप संपले. कंत्राटदारांनी, शिकाऱ्यांनी, कातड्याच्या व्यापाराने संपवले. उपाशी माणसांना राखीव वस्त्यांवर जावं लागलं. आणि मोकळ्या झालेल्या, किंवा केलेल्या, जमिनीवर सरकारने जाहिरात काढली : दहा डॉलर नोंदणी फी भरा, 160 एकर जमीन घ्या, कसून दाखवा. मी ज्या परसात कंद लावला त्याच्या खालीही हा इतिहास आहे. तो वगळून फुलाची गोष्ट सांगणं मला जमलं नाही.

जाहिरातीला भुलून कोण आलं? युरोपभरातून माणसं आली. त्यात 1874 पासून दक्षिण रशियातले, म्हणजे आजच्या युक्रेनमधले, जर्मन बोलणारे मेनोनाइट शेतकरी मॅनिटोबात आले, आणि पुढं सस्कॅचेवानमध्येही पसरले. मेनोनाइट हा शस्त्र न उचलणारा ख्रिस्ती पंथ. रशियाने सक्तीची लष्करभरती आणली, तेव्हा त्यांनी घरं सोडली.

ते ज्या गवताळ मैदानातून आले, त्याला स्टेप म्हणतात, तिथं पिओनीची एक जात रानात उगवते. पानं बडीशेपेसारखी बारीक, फूल गडद लाल. इथं तिला फर्नच्या पानांची पिओनी म्हणतात. प्रेरीवरच्या जुन्या शेतघरांच्या दाराशी ती हमखास दिसते, आणि पुष्कळ घरांत सांगतात की आमच्या पणजीने ती सामानातून आणली. शेजारच्या आजींच्या घरातही हेच सांगतात. कागदोपत्री पुरावा त्यांच्याकडं नाही. पण हे सहज शक्य आहे, कारण पिओनीचा कंद शरद ऋतूत झोपलेला असतो आणि मातीबाहेर काही आठवडे तग धरतो. आगबोट आणि रेल्वे, दोन्ही तो सोसतो.

विचार करा. दोन ट्रंका सामान न्यायची परवानगी. तुम्ही काय घ्याल? मी प्रेशर कुकर आणि आईच्या हातचा काळा मसाला आणला. त्या बाईने मूळ आणलं.

सॉन्डर्स घराण्याची गोष्ट

आता या एपिसोडचा माझा सगळ्यात आवडता भाग. विल्यम सॉन्डर्स नावाचा माणूस. जन्म 1836, इंग्लंड. लहानपणी कॅनडात आला, औषधांचं दुकान काढलं, आणि वनस्पतींच्या नादी लागला. 1886 साली कॅनडाने सरकारी प्रायोगिक शेतं सुरू करायचा कायदा केला आणि सॉन्डर्सना प्रमुख नेमलं. पाच शेतं. मुख्य ऑटावाला, आणि प्रेरीवर दोन : मॅनिटोबात ब्रँडन, आणि आमच्या रिजायनाच्या पूर्वेला सत्तरेक किलोमीटरवर इंडियन हेड.

प्रेरीची मोठी अडचण होती गहू. रेड फाइफ नावाचा गहू उत्तम, पण पिकायला उशीर लावायचा, आणि पिकायच्या आधीच गोठण पडायची. उभं पीक एका रात्रीत काळं. सॉन्डर्सनी जगभरातून लवकर पिकणारे गहू मागवले. त्यातला एक होता हार्ड रेड कलकत्ता. हो, नावातच कलकत्ता. भारतातला गहू. उत्पन्न बेताचं, पण पिकायला घाईचा.

1892 साली या दोघांचा संकर केला तो विल्यम यांच्या मुलाने, पर्सी सॉन्डर्सने. वय तेविसच्या आसपास. मग ते दाणे इतर चाचण्यांच्या गर्दीत पडून राहिले. दहाएक वर्षांनी दुसरा मुलगा, चार्ल्स, त्यातून एकेक रोप निवडू लागला. पिठाचा चिकटपणा तपासायची यंत्रं हाताशी नव्हती, म्हणून तो दाणे तोंडात टाकून चावायचा आणि चिकट गोळा होतो का ते बघायचा. त्यातून निघाला मार्किस गहू. 1907 च्या वसंतात त्याचं फक्त 23 पौंड बियाणं इंडियन हेडला पाठवलं गेलं. तो रेड फाइफपेक्षा आठवडाभर तरी आधी पिकला. 1911 साली रोस्थर्न गावचा शेतकरी सीगर व्हीलर याने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मार्किस ठेवून सोन्याच्या नाण्यांत हजार डॉलरचं बक्षीस जिंकलं. पुढच्या दहा वर्षांत प्रेरीवरचा बहुतेक गहू मार्किस झाला. चार्ल्सला पुढं 'सर' किताब मिळाला.

आणि पर्सी? ज्याने मूळ संकर केला तो? तो रसायनशास्त्र शिकला, 1900 साली न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमिल्टन कॉलेजात प्राध्यापक झाला, आणि फावल्या वेळात पिओनीच्या मागं लागला. फावला वेळ म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं.

तेव्हा पिओनीच्या जगात एक भलताच बग होता. फ्रान्समध्ये, इंग्लंडमध्ये शेकडो वाण तयार झाले होते, आणि दुकानदार त्यांना मनाला येईल ते नाव द्यायचे. एकच फूल पाच नावांनी, आणि एकाच नावाखाली पाच फुलं. युनिक आयडी नसलेला डेटाबेस. हे निस्तरायला 1903 साली अमेरिकन पिओनी सोसायटी उभी राहिली. कॉर्नेल विद्यापीठाच्या मळ्यात सगळे वाण शेजारी-शेजारी लावून, फुलल्यावर ताडून बघायचं, असं काम सुरू झालं. पर्सी सॉन्डर्सनी या सोसायटीचं काम वर्षानुवर्षं सांभाळलं.

पण त्यांचा खरा ध्यास संकराचा. बागेतल्या पिओनी बहुतेक एकाच चिनी-सायबेरियन जातीच्या वंशातल्या होत्या. सॉन्डर्सनी जगभर पत्रं लिहून रानटी जाती मागवल्या. त्यात ती स्टेपवरची बारीक पानांची होती, आणि आपल्या हिमालयातलीही एक होती. पिओनिया एमोडी. काश्मीरमध्ये तिला मामेख म्हणतात, युनानी औषधांत पिओनीचं मूळ ऊद सलीब या नावाने ओळखतात. पांढरं, साधं, मान झुकवलेलं फूल. या हिमालयातल्या जातीचा बागेतल्या पिओनीशी संकर करून त्यांनी 'व्हाइट इनोसन्स' नावाचा वाण काढला. पाच फुटांपर्यंत उंच जाणारा, मध्यभागी हिरवट झाक असलेला.

म्हणजे बघा, एकाच माणसाच्या हातून भारतातला गहू प्रेरीच्या भाकरीत गेला, आणि भारतातलं फूल अमेरिकेच्या बागेत.

पण किती वाट बघायची याला काही हिशोब? पिओनीचं बी पेरलं की आधी फक्त मूळ फुटतं. मग एक हिवाळा जातो, तेव्हा कुठं पान दिसतं. बऱ्याचदा दोन हिवाळे लागतात. तिथून फूल यायला आणखी चार-पाच वर्षं. आणि दूरच्या जातींचा संकर असेल तर पुढची पिढी बहुतेक वांझ निघते. शेकडो फुलांमागं मोजकं बी. ते पुन्हा पेरा, पुन्हा थांबा. आमच्याकडं बिल्डला सात मिनिटं लागली तर माणसं चिडतात. यांचा बिल्ड सात वर्षांचा. तरी 1953 साली वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर दीडशेहून जास्त वाण होते.

जपानमध्ये तोइची इतो नावाचे एक होते. झुडुपासारख्या पिओनीचा आणि कंदवाल्या पिओनीचा संकर सगळ्यांना अशक्य वाटत होता. हजारो अपयशी प्रयत्नांनंतर 1948 साली त्यांना थोडं जिवंत बी मिळालं. 1956 साली इतो वारले. ती रोपं पिवळीजर्द फुलली 1960 च्या दशकात. इतोंनी ते फूल बघितलंच नाही. आज त्या संकरांना त्यांच्याच नावाने ओळखतात, आणि प्रेरीवरही ते टिकतात.

परत माझ्या परसात

दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात मी कंद उकरला. पिओनी हलवायची ती याच दिवसांत. जागेवर छोटा उंचवटा केला, कारण या चिकट मातीत पाणी साचलं की मूळ कुजतं. डोळे वर ठेवून दोन बोटं माती टाकली. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "एवढंसं झाकून कसं होईल रे? गारठून जाईल ते." मी म्हटलं, "गारठायचंच आहे त्याला."

त्या जानेवारीत पारा उणे छत्तीसवर गेला. त्याच आठवड्यात माझं परमिट वाढल्याचा ईमेल आला, दोन वर्षांसाठी. कायमच्या रहिवासाचा अर्ज अजून अडकलेलाच आहे. काय होईल माहीत नाही. तुमच्यापैकी किती जण असेच कुठंतरी दोन-दोन वर्षांवर जगताय, ते मला मेसेजमधून कळतं. घर घेत नाही, भिंतीला खिळा मारत नाही, कुंडीसुद्धा घेत नाही. उद्या निघावं लागलं तर?

या जूनच्या शेवटी एक कळी उमलली. एकच. फिकट गुलाबी, मधे गडद लाल ठिपका. सकाळी स्टँडअप कॉल चुकवून मी बाहेर गेलो. आईला कॉल लावला. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "वास येतो का?"

येतो. गुलाबासारखा, पण जरा ओलसर, पहिल्या पावसाच्या बाजूने जाणारा.

तिसऱ्या दिवशी गारपीट झाली आणि पाकळ्या खाली पडल्या. आजी कुंपणापलीकडून बघत होत्या. म्हणाल्या, "मूळ शाबूत आहे ना? मग झालं." नीट लावलेलं पिओनीचं झाड पन्नास वर्षं, कधी त्याहून जास्त, एकाच जागी फुलतं. शेतघर पडून जातं, माणसं निघून जातात, आणि मोकळ्या माळावर जूनमध्ये नुसती पिओनीची रांग दिसते. कुणाचं तरी दार तिथं होतं, एवढं त्यावरून कळतं.

दोनेक वर्षांनी या कंदाचे भाग करता येतील. ऑफिसात नांदेडची एक मुलगी नवीन आलीये, तिने एक आत्ताच मागून ठेवलाय. तिला मी पहिलं वाक्य सांगितलं : दोन बोटं, त्याहून खोल नाही.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात कुणी गाव सोडताना बरोबर आणलेलं एखादं झाड आहे का? आजीने आणलेला मोगरा, बदलीच्या गावाहून आलेला कढीपत्ता, काहीही. कुणी आणलं, कुठून आणलं, एवढं विचारून मला व्हॉइस नोट पाठवा. सांगणारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या काही ऐकूया. तोवर काळजी घ्या, भेटू!